राखणीची पाळी

शामला राऊळ ड्यूटीवरून आली की बादलीत गरम पाणी घ्यायची, त्यात मूठभर मीठ टाकायची आणि पाय सोडून बसायची. गाऊन गुडघ्यापर्यंत वर, डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. अशा वेळी तिच्याशी बोलायचं नाही, असा आमच्या कुवेतमधल्या फहाहीलच्या फ्लॅटचा कायदा होता. कायदा मीच केला होता आणि मोडायचेही मीच. "शामले, आहेस का गेलीस?" असं मी विचारायची. ती डोळे न उघडता म्हणायची, "जातय खय? आजून रिलीव्हर येवक नाय."

आमच्या हॉस्पिटलात नियम असा, की पुढच्या पाळीची नर्स आल्याशिवाय, तिला एकेका खाटेपाशी नेऊन पेशंट समजावून दिल्याशिवाय आधीच्या नर्सनं वॉर्ड सोडायचा नाही. याला चार्ज देणं म्हणतात. नियम जगभर हाच असेल, पण शामला तो देवासमोर शपथ घेतल्यासारखा पाळायची. पुढची उशिरा आली तर ही थांबायची, आलीच नाही तर तिचीही पाळी उरकायची. बाकीच्या पोरींना हे बरोबर कळलं होतं. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाचा नवरा विमानतळावर यायचा, आणि सगळं नेमकं शामलाच्या पुढच्या पाळीला यायचं. मी एक्स-रे विभागात, माझं काम घड्याळाप्रमाणे सुटणारं. मी तणतणायची, "तू नर्स आहेस की गावची पाणपोई?" त्यावर ती शांतपणे म्हणायची, "पेशंटांका काय सांगू? तुमचा तुमी बघा?"

घरचं प्रकरणही याच चालीचं. वेंगुर्ल्याजवळचं तिचं गाव. साठ साली कुवेतला निघताना तिनं अंथरुणावरच्या वडिलांना शब्द दिला होता की हरिश्चंद्राचं बस्तान बसेपर्यंत मी बघेन. हरिश्चंद्र हा तिचा धाकटा भाऊ. त्याचं दुकान झालं, लग्न झालं, कौलांच्या जागी स्लॅब आला, विहिरीवर पंप बसला. शामला रजेवर गेली की तो तिला आग्रहानं वाढायचा आणि हात धुता धुता म्हणायचा, "ताय, आजून एक कॉन्ट्रॅक्ट कर, मगे बस झाला." त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी मला त्याचा इतका राग यायचा की मी भाकरी थापताना त्याचं नाव घ्यायची.

शेवटी असं ठरलं, की हरिश्चंद्राची मुलगी लीना नर्सिंग शिकते आहे, ती पास झाली की कुवेतला येईल, शामलाची जागा घेईल आणि शामला सुटेल. शामला त्या एका गोष्टीवर दिवस काढत होती. बादलीत पाय सोडून ती मला सांगायची, की लीना इली की तिका सगळो चार्ज दितय, आणि घराकडे जावन नुसती निजतय.

माझं म्हणाल तर मी सोलापूरची. भाऊ इंजिनिअर होईपर्यंत दोन वर्षांसाठी म्हणून सत्त्याहत्तरला आले. भाऊ इंजिनिअर झाला. पुढचं सांगण्यात काही राम नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात शामलाच्या वॉर्डात टिअर्नी नावाचा आयरिश माणूस आला. मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर जहाजांत तेल भरून देण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. लग्न केलेलं नव्हतं, पाइप ओढून ओढून फुप्फुसं चाळणी झालेली. त्याचा एक्स-रे मीच काढला. फिल्म उजेडाला धरली आणि पुढं कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. डॉक्टरांनी त्याच्याशी गोड गोड बोलून घेतलं. तो म्हणाला, "ते असू दे. मला माझ्या बेटावर पोचवायची सोय कोण करणार ते सांगा."

दुपारी वॉर्ड निजलेला असे तेव्हा मी डबा घेऊन शामलाकडे जायची. तिथं बसून मी ते बेट ऐकलं. आयर्लंडच्या मध्यावर कुठंतरी एक मोठं सरोवर, आणि सरोवरात ते बेट. पूर्वी कधीतरी एक साधू तिथं होडीतून आला आणि राहिला. मग त्याचे शिष्य आले, मठ झाला, एकामागून एक सात देवळं उठली. आता छप्पर एकावरही नाही. भिंतींत गवत, आत गुरं. मधोमध दगडाचा एक उंच गोल मनोरा, त्यालाही टोपी नाही. का, तर गवंडी वर काम करत असताना खालून जाणारी एक म्हातारी त्याला उगाच काहीबाही बोलली. त्याला इतका राग आला की त्यानं थापी फेकली, वरूनच सरोवरात उडी मारली आणि पोहत निघून गेला. मनोरा आजही तसाच अर्धा आहे.

"आमच्या मांडवांनी पण असाच केला," शामला मला मालवणीत म्हणाली. तिच्या गावात कुठलंसं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं होतं आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धं टाकून गेले होते. तिच्याकडे ते पांडव 'मांडव' होत. तिनं ते टिअर्नीलाही तिच्या हॉस्पिटलच्या इंग्रजीत सांगितलं. त्याला ते फारच पटलं. हसता हसता त्याला ढास लागली, तेव्हा शामलानं त्याला उठवून बसवलं आणि आम्हा दोघांना दटावून गप्प केलं, जणू विनोद मीच केला होता.

एक दिवस तो त्या बेटावरच्या स्मशानाबद्दल बोलला. आजूबाजूच्या गावांतल्या जुन्या घराण्यांना तिथं पुरून घेण्याचा हक्क. प्रेत होडीतून न्यायचं, आणि थडग्यापाशी मातीचा पाइप आणि चिमूटभर तंबाखू ठेवायची. आणि तिथं अशी समजूत, की सगळ्यात शेवटी जो पुरला गेला त्यानं स्मशानाची राखण करायची. फाटकाशी उभं राहायचं, आतल्यांना तहान लागली तर पाणी आणून द्यायचं. नवा कुणी आला की राखण त्याच्याकडे द्यायची, मगच जुन्यानं झोपायचं.

शामला सलाइनची बाटली बदलत होती. तिचा हात थांबला. तिनं विचारलं, "आणि नवा कुणी आलाच नाही तर?"

"तर उभं राहायचं," टिअर्नी म्हणाला. "माझा भाऊ उभा आहे. वीस वर्षांच्या वर झाली. सरोवर ओलांडून प्रेत न्यायचं कुणाला जमत नाही आता, गावात नवीन स्मशान झालंय. त्याच्यानंतर तिथं कुणी गेलंच नाही."

मग त्यानं बाकीचं सांगितलं. बेटावर एक दगड आहे, त्याला आरपार भोक. दोन माणसांनी दोन बाजूंनी हात घालून एकमेकांचा हात धरला आणि काही ठरवलं तर ते मोडता येत नाही. लहानपणी या दोघा भावांनी त्यातून हात मिळवले होते, की जो आधी जाईल त्याला दुसऱ्यानं येऊन सोडवायचं. पुढं जमिनीवरून दोघांचं बिनसलं. हा रागानं वाळवंटात निघून आला, तिकडे भाऊ मेला, हा मातीलाही गेला नाही. "पावसात उभा आहे बिचारा," तो म्हणाला, "आणि मी इथं उन्हात बसून पगार घेतला."

घरी आल्यावर मी म्हणाले, की म्हाताऱ्यानं चांगली गोष्ट रचली आहे. शामला भडकली. ती सहसा भडकत नसे.

"गोष्ट कसली गो? राखणदार आसा तो! आमच्याकडे प्रत्येक गावाक आसता. तेका नारळ दितत, रोट दितत, विडी दितत. हेंचो राखणदार बदली आसता, इतकोच काय तो फरक." मग पाण्यात पाय हलवत ती म्हणाली, "वीस वर्सा उभो. पायांचा काय झाला असतला?"

दुसऱ्या दिवशी तिनं टिअर्नीला तोंडावर विचारलं. मी तिथंच होते. "तुम्ही गेल्यावर तुमचा भाऊ सुटेल. तुम्हाला कोण सोडवणार?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "त्या हक्काचा मी शेवटचा." आणि मग तिचीच समजूत घालावी तसं म्हणाला, "सिस्टर, माझी आयुष्यभर धक्क्यावर रात्रपाळीच झाली आहे. मला सवय आहे."

हिवाळा लागताना तो गेला. त्याच्या हाताखाली वाढलेल्या एका इंजिनिअरनं शवपेटी घेऊन जायचं कबूल केलं होतं. कागदपत्रं होईपर्यंत टिअर्नीला त्याचा निळा सूट घालून ठेवला होता. शामला मला घेऊन फहाहीलच्या बाजारात अशरफच्या दुकानात गेली. अशरफ रत्नागिरीकडचा. गावाकडून येणाऱ्या माणसाकरवी तो आपल्यापुरत्या विड्या मागवायचा आणि गिऱ्हाईकांना त्या दिसूही द्यायचा नाही. शामलानं त्याच्याकडून विड्यांचा एक कट्टा मागून घेतला. त्यानं विचारलं, "सिस्टर, तुम्ही कधीपासून?" ती म्हणाली, "पेशंटाक होयत."

चार महिने तिनं त्या माणसाला तंबाखूचा वासही घेऊ दिला नव्हता. शवागारात जाऊन तिनं तो कट्टा आणि एक काडेपेटी त्याच्या सुटाच्या आतल्या खिशात घातली, आणि वरून बटण लावलं. मी म्हटलं, "अगं, कस्टमवाले पकडतील त्याला."

इंजिनिअर परत आला तेव्हा मुद्दाम आम्हाला भेटायला आला. सरोवर खवळलेलं होतं, म्हणाला. पेटी होडीत आडवी ठेवली होती आणि माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी वल्ही मारत होती. पाऊस. जमीन नुसती दगडांची, खणता खणता अंधारून आलं. पाद्रीबाबांनी सांगितलं की यापुढं या बेटावर परवानगी नाही, हे शेवटचंच. शामलानं त्याला एवढंच विचारलं, "भावाच्या शेजारीच ना?" तो म्हणाला, अगदी लागून. "म्हणजे चार्ज दिलान," शामला मला म्हणाली. त्या संध्याकाळी ती बादलीत पाणी न घेताच झोपली.

पुढच्या वर्षी लीना पास झाली. शामलानं तिच्यासाठी हॉस्पिटलात शब्द टाकून ठेवला होता. व्हिसाचं काम मार्गी लागत होतं. शामला सामान बांधायला लागली. तिच्या बॅगेत कंबलं, दुधाच्या पावडरीचे डबे, अत्तरं, सगळं दुसऱ्यांचं. स्वतःसाठी तिनं मऊ तळव्यांच्या चपला घेतल्या होत्या, त्याही वरचेवर काढून बघायची. कधी नव्हे ते ती ड्यूटीवरून येताना बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, काहीतरी गोड आणायची. मला तिचा हेवा वाटत होता, आणि तो मी लपवलाही नाही.

दर शुक्रवारी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रांग लागायची. त्या शुक्रवारी लीनाशी प्रवासाचं बोलायचं म्हणून आम्ही दोघी गेलो. हरिश्चंद्राच्या दुकानात आता फोन बसला होता. काचेचा एवढासा खोका, त्यात आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर. लीना इतकी ओरडून बोलत होती की रिसीव्हर कानाला लावायची गरजच नव्हती.

"आत्ये, माझी बॅग झाली! बाबा सांगता, दोन कॉन्ट्रॅक्ट केलय काय धाकल्या भावाची इंजिनिअरिंग पुरी होतली." पोरगी खूश होती. हसत हसत म्हणाली, "आत्ये, तुका सोडवूक मी येतय. पण माका सोडवूक कोण येतला गो?"

पलीकडे दुकानातली माणसं बोलताना ऐकू येत होती. शामलाचा चेहरा काचेत दिसत होता आणि तो मला अजिबात आवडला नाही.

"बाबाक फोन दी," ती म्हणाली.

हरिश्चंद्र आला. "हां ताय, सगळा तयार आसा."

"लीनाक पाठव नको."

"काय?"

"ती हय येवची नाय. मी व्हिसाचा काम थांबवतय."

"मगे काय तू ऱ्हवतलस?" त्याच्या आवाजात चक्क आशा होती. मी त्या काचेवर हात आपटला.

"मीय ऱ्हवचय नाय. मी येतय घराक."

"अगो, मगे हय सगळा कोण बघतला?"

"तू," शामला म्हणाली. "वॉर्ड नाय हा तो. घर आसा." आणि वेळ शिल्लक असताना तिनं फोन ठेवला. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "मी चुकलय काय गो?" मी तिला भर रस्त्यात मिठी मारली. एक टॅक्सीवाला आम्हाला बघून थांबला, बहुतेक कुणीतरी गेलं असं त्याला वाटलं.

तिला कुणी धन्यवाद दिले नाहीत. हरिश्चंद्रानं तार केली की लोकांसमोर नाक कापलंस. लीनाला तर खूपच राग आला. तिनं मैत्रिणींना कुवेतहून घड्याळं पाठवायचे शब्द देऊन ठेवले होते. राजीनामा दिल्यावरही शामलाच्या मागे पाळ्या लागायच्या थांबल्या नाहीत. शेवटच्या दिवशीही तिची रिलीव्हर उशिरा आली. मी खाली टॅक्सी थांबवून, वर येऊन तिच्यावर ओरडले, की आता तरी नीघ. ती खुर्चीत बसून होती. "आत माणसा आसत," ती म्हणाली. पोरगी आली, शामलानं तिला एकेका खाटेपाशी नेलं, सगळं समजावलं, आणि मग आपली पर्स उचलली. ज्या खाटेवर टिअर्नी होता तिथं ती जरा जास्त वेळ उभी राहिली असं मला वाटलं, पण तिथला पेशंटही तसा गंभीरच होता.

अठ्ठ्याऐंशीला मी रजेवर आले तेव्हा वेंगुर्ल्याला गेले. स्लॅबच्या घरात हरिश्चंद्र वर राहत होता आणि शामला मागच्या पडवीत. तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा. दिसायला अगदी साधा, थकलेला माणूस निघाला, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली, इतक्या वर्षांचा राग ठेवायचा कुठं? लीना सावंतवाडीच्या दवाखान्यात लागली होती आणि रोज एसटीनं घरी यायची. आत्येशी तिचं पुन्हा जमलं होतं, पण घड्याळाचा विषय अजून निघायचा.

शामलाचे पाय बरे होते. ती निजायची का, असं विचारल्यावर हसली. "निजतय गो. दुपारी पण निजतय. लोक नावा ठेवतत."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती मला राखणदाराकडे घेऊन गेली. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी, सुरंगीच्या झाडाखाली शेंदूर नसलेला एक काळा दगड, एवढंच. देवाला हाक मारून गाऱ्हाणं घालायचा मान पुरुषांचा, हरिश्चंद्राचा. पण तो काही येणार नव्हता. शामलानं नारळ ठेवला, रोट ठेवला. मग कमरेची पिशवी उघडून दोन विड्या काढल्या, दोन्ही पेटवल्या, एक दगडाच्या उजवीकडे ठेवली आणि एक डावीकडे.

"दोन का?" मी विचारलं.

"एक हेका. एक आमच्या पेशंटाक."

तिनं हात जोडले आणि मोठ्यानं सुरुवात केली. कुवेतच्या सगळ्या वर्षांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा! आज तुझी लेकरा जो काय नारळ-रोट घेवन तुझ्या पायाकडे इलीत, तो मान्य करून घे रे म्हाराजा!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा म्हण. कोणीतरी म्हणूक होया."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. देवाधर्माचं मला वावडंच, आणि माझी मालवणी ऐकून तो दगडही हसला असेल.

"थय समुद्रापलीकडे, तळ्यातल्या बेटार तुझोच एक भाव राखणीक उभो आसा. टिअर्नी तेचा नाव. तेच्या मागसून कोण येवचो नाय. तेव्हा आठवड्यातसून एक दिवस तेची पाळी तू कर, आणि तेका ऑफ दी रे म्हाराजा!"

मला हसू फुटलं. आठवड्याची सुट्टी! देवाकडे तिनं त्या माणसाची मुक्ती मागितली नाही, नर्सेस आपसांत करतात तशी ड्यूटीची अदलाबदल मागितली. पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "व्हय म्हाराजा," मी म्हणाले, आणि या वेळी मनापासून म्हणाले. पावसात उभा असलेला तो म्हातारा मला दिसला, निळ्या सुटातला, आतल्या खिशात विड्या.

मला वाटलं संपलं. मी चप्पल घालायला वळले.

"आणि ही प्रभा," मागून आवाज आला. "सोलापूरची. दोन वर्सासाठी म्हणान गेल्ली, ती आजून थयच उभी आसा. हिच्या मागसून कोण येतला, ता हिका म्हायत नाय. हिकाय सोडव रे म्हाराजा!"

मी वळले नाही. पुढच्या आठवड्यात माझं विमान होतं. भावाचा ठाण्याचा फ्लॅट अर्धा झाला होता, वहिनी म्हणाली होती, ताई, आता फक्त एवढं एकच. व्हय म्हाराजा, दोन शब्द, आत्ताच तर दोनदा म्हटले होते. मी चपलेत पाय अडकवत राहिले.

शेवटी वळले तेव्हा शामला हात जोडून तशीच उभी होती. दोन्ही विड्या जळून अर्ध्यावर आल्या.

"म्हण गो," ती म्हणाली. "तू म्हटल्याशिवाय गाऱ्हाणा पुरा होवचा नाय."

मी नाही म्हणून मान हलवली.

"बरा," शामला म्हणाली. "मी थांबतय." आणि ती त्या दगडापाशी उकिडवी बसली.